शिवी खेळाला की जन्माला?

व्हिनिसियस ज्युनियर गोल केला की नाचतो. त्याचा गुन्हा एवढाच.

रिओ शहराला लागून असलेल्या साओ गोन्सालोमध्ये गरीब घरात वाढलेला हा काळा तरुण स्पेनमध्ये रिआल माद्रिदकडून खेळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या फुटबॉल एजंटांच्या संघटनेच्या अध्यक्षाने टीव्हीवर त्याला जाहीर सल्ला दिला, की समोरच्या संघाचा मान राख आणि हे माकडचाळे बंद कर. ओरड झाल्यावर म्हणे, तो वाक्प्रचार होता! (मराठीतही तो वाक्प्रचारच आहे. आपल्याला वाक्प्रचारांची सवय आहे.) जानेवारी २०२३ मध्ये माद्रिदच्या एका पुलावरून व्हिनिसियसची जर्सी घातलेला पुतळा फासावर लटकवला गेला. आणि २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया स्टेडियममध्ये गोलपोस्टमागच्या प्रेक्षकांकडून माकड, माकड असा गजर आला, तेव्हा व्हिनिसियस थांबला आणि शिवी देणाऱ्याकडे बोट दाखवून पंचांना म्हणाला, हा बघा, हा.

सामना सुमारे दहा मिनिटं थांबला. पुन्हा सुरू झाला. शेवटी धक्काबुक्की झाली आणि लाल कार्ड कुणाला मिळालं? व्हिनिसियसला. ते नंतर रद्द झालं, पण त्या संध्याकाळचा हिशेब बघा: हजारो लोकांसमोर ज्याच्या माणूसपणावर थुंकलं गेलं तोच मैदानाबाहेर गेला. त्याच रात्री ला लिगाचे अध्यक्ष हाविएर तेबास यांनी ट्विटरवर सुनावलं तेही व्हिनिसियसलाच. काही दिवसांनी त्यांनी माफी मागितली.

या प्रकरणातला व्हॅलेन्सियाच्या बाजूचा बचाव आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रिआलचे प्रशिक्षक अँचेलोत्ती म्हणाले, अख्खं स्टेडियम 'मोनो' ओरडत होतं. मोनो म्हणजे माकड. उलट बाजूने उत्तर आलं, की नाही हो, बहुसंख्य लोक 'तोंतो' म्हणत होते. तोंतो म्हणजे मूर्ख. अँचेलोत्तींना आपलं विधान दुरुस्त करावं लागलं, कारण बऱ्याच लोकांच्या तोंडी खरोखर 'तोंतो' असावं. पण सामन्याआधी स्टेडियमबाहेर जमाव 'मोनो'चा घोष करत असल्याची चित्रफीत सगळ्या जगाने पाहिली, आणि आत गोलमागे काय चाललं होतं ते पुढे न्यायालयात सिद्ध झालं. १० जून २०२४ रोजी तीन प्रेक्षकांना प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा आणि दोन वर्षं स्टेडियमबंदी झाली. फुटबॉल मैदानातल्या वर्णद्वेषी शिव्यांबद्दल स्पेनमध्ये झालेली ही पहिली शिक्षा.

तोंतो आणि मोनो. दोन्ही दोन-दोन अक्षरी. दोन्ही शिव्याच. दोन्ही हजारो घशांतून एकदम आल्या तर कानाला जवळपास सारख्याच लागतील. पण समोरच्या संघाच्या खेळाडूला मूर्ख म्हणणं आणि काळ्या खेळाडूला माकड म्हणणं यात जे अंतर आहे, तेच आमच्या या लेखाचं म्हणणं आहे. फुटबॉलच्या प्रेक्षकांच्या शिवीगाळीने मर्यादा ओलांडली का, हा प्रश्न विचारला जातो तेव्हा शिवी किती घाण आहे ते मोजलं जातं. आम्ही म्हणतो, घाण मोजू नका. शिवी कुठे मारली ते बघा. माणसाने जे केलं त्यावर मारली, की तो ज्या पोटी जन्मला त्यावर मारली?

या प्रश्नावर दोन तट पडलेले दिसतात, आणि आपल्या तरुणांनी दोन्हींपासून सावध राहावं.

पहिला तट म्हणतो, मैदानात चालायचंच. भावनेच्या भरात माणूस बोलतो, नव्वद मिनिटांनी विसरतो, मनाला काय लावून घ्यायचं? रात्री दीड वाजता गजर लावून चॅम्पियन्स लीग बघणारे आपलेही कितीतरी तरुण आहेत. त्यांच्यातलेही काही बार्सिलोनाच्या प्रेमापोटी असं बोलताना आम्ही ऐकलं आहे, की व्हिनिसियस चिथावतोच ना, नाचतो, हातवारे करतो, मग लोक बोलणारच.

भावांनो, हे वाक्य तुम्ही या आधी कुठे ऐकलं आहे? घोड्यावरून वरात काढली म्हणून. मिशीला पीळ दिला म्हणून. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाला उचलून नेऊन मारलं गेलं. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आणखी एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असं त्याच्या घरच्यांनी फिर्यादीत म्हटलं. दर वेळी गावकी हेच सांगते: त्यांनी चिथावलं. चिथावणी म्हणजे काय, तर ज्याने मान खाली घालून चालावं अशी अपेक्षा होती त्याने आनंद केला, तोही सगळ्यांसमोर केला. गोल केल्यावर युरोपातले गोरे खेळाडू गुडघ्यांवर घसरतात, जर्सी काढून फिरवतात, कोपऱ्यातला झेंडा लाथाडतात. त्यांना कुणी समोरच्याचा मान राखायला सांगायला टीव्हीवर येत नाही. काळ्या माणसाचा नाच मात्र उद्धटपणा ठरतो. व्हिनिसियसच्या नाचाची बाजू समजायला आपल्याला स्पॅनिश शिकायची गरज नाही.

आणि हा 'भावनेचा भर' कसला? राग आला की माणूस हाताशी असेल ते फेकून मारतो, हे खरं. पण हाताशी हेच का असतं? पेनल्टी हुकलेल्या गोऱ्या खेळाडूला लोक नालायक म्हणतात, विकला गेला म्हणतात, घरी जा म्हणतात. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या, आणि तासाभरात त्यांच्या खात्यांवर माकडांची चित्रं आणि केळी येऊन पडली. महिनाभर हेच तिघं 'आपली पोरं' होती. त्याच उन्हाळ्यात, टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलैला वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ४ ऑगस्टला भारत उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर सवर्ण टोळक्याने फटाके फोडले, नाच केला. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असं ते ओरडत होते, ही तिच्या कुटुंबाची तक्रार. गुन्हा नोंदला गेला, अटकही झाली. हॅटट्रिकपासून फटाक्यांपर्यंत चार दिवस. जिंकलात तर देशाचे, हरलात तर जातीचे. वेम्बली आणि रोशनाबाद यांच्यामध्ये सात हजार किलोमीटर आहेत, पण नियम एकच चालतो.

आपल्याकडे असं नसतं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन आठवणी पुरे. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवणारे मुंबईकरच होते. आणि मार्च २०२४ मध्ये मलप्पुरममध्ये, जिथे फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, स्थानिक स्पर्धेत खेळायला आलेल्या आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी रंगावरून शिव्या दिल्या आणि पाठलाग करून मारलं, अशी तक्रार त्याने पोलिसांत दिली. एक शहर स्वतःला देशाचं सगळ्यात आधुनिक शहर म्हणवतं, दुसरा जिल्हा फुटबॉलवेडासाठी नावाजलेला. खेळाचं वेड माणसाला आपोआप समतावादी करत नाही.

एक माणूस शिवी देतो आणि जमाव शिवीचा गजर करतो, या दोन गोष्टी एक नाहीत. गजरात प्रत्येकाला वाटतं, मी एकटा थोडाच म्हणतोय. जबाबदारी सगळ्यांमध्ये वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र ती अख्खी येते. गावकीचा बहिष्कार असाच चालतो. तुमच्याशी बोलायचं नाही असं एकटा-दुकटा ठरवत नाही, ते 'गाव' ठरवतं. इंग्लंडमध्ये १९९१ साली फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा आला, तेव्हा वर्णद्वेषी घोषणा हा गुन्हा ठरला खरा, पण अट अशी की किमान दोघांनी मिळून ती दिलेली असावी. एकट्याने दिली तर या कायद्यात सुटका! ही फट बुजवायला १९९९ उजाडलं. आपल्या ॲट्रॉसिटी कायद्यातल्या 'लोकांच्या नजरेसमोर' या शब्दांवर न्यायालयांत किती वर्षं कीस पाडला गेला ते आपण जाणतोच. चार भिंतींआड म्हटलं का, अंगणात म्हटलं का, ऐकायला बाहेरचं कोण होतं? मग पन्नास हजारांच्या स्टेडियमपेक्षा जास्त 'लोकांची नजर' कुठे असते? जातीवाचक शिवीचा गजर तिथे झाला तर कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) लावायला पोलिसांना आणखी काय हवं? खेळाच्या मैदानाला या कायद्यातून सूट दिलेली नाही.

आता दुसरा तट. हा अधिक गोड बोलतो, म्हणून अधिक धोक्याचा. तो म्हणतो, सगळ्याच शिव्या वाईट, सगळाच आरडाओरडा असंस्कृत. मैदानात सभ्यता हवी, कुटुंबासह बसता यायला हवं, राजकारण तर नकोच नको. ऐकायला काय वाईट आहे? वाईट हे आहे, की सभ्यतेचा हा दंडुका कुणाच्या हातात असतो आणि कुणाच्या पाठीत बसतो ते कुणी सांगत नाही.

युरोपीय फुटबॉलची संघटना युएफा हिचे दंड बघा. २०१२ च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलास बेंटनरने गोल केल्यावर शॉर्ट्स जरा खाली ओढून एका बेटिंग कंपनीचं नाव असलेल्या अंडरवेअरची पट्टी दाखवली. दंड एक लाख युरो, वर एका सामन्याची बंदी. त्याच स्पर्धेत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनी इटलीच्या काळ्या खेळाडूवर, मारिओ बालोटेलीवर, वर्णद्वेषी आरडाओरडा केला. फटाकेबिटाके सगळं धरून क्रोएशियाच्या संघटनेला दंड ८० हजार. म्हणजे प्रायोजक नसलेल्या कंपनीची फुकट जाहिरात ही माणसाला माकड म्हणण्यापेक्षा महाग. राजा ढाले यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त असाच शिक्षांचा हिशेब मांडला होता: राष्ट्रध्वजाच्या अपमानाला काय शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूला काय. तेव्हा महाराष्ट्रातल्या सभ्य लोकांनी त्या हिशेबाला उत्तर दिलं नाही. त्यांनी ढालेंच्या भाषेवर बोट ठेवलं. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि तिथेही अनेकांना कामाठीपुऱ्यातल्या नरकापेक्षा कवितेतले शब्दच आधी खुपले.

हेच युरोपात होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या प्रेक्षकांनी इस्रायलच्या हापोएल बीर शेवा या संघाविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाईनचे झेंडे फडकवले. कुणाला शिवी नाही, कुणाच्या जन्मावर बोट नाही. युएफाने ते राजकीय ठरवून क्लबला साडेआठ हजार पौंडांच्या आसपास दंड केला. त्यावर सेल्टिकच्या प्रेक्षकांनी काय केलं? वर्गणी काढली आणि १ लाख ७० हजार पौंडांहून जास्त रक्कम पॅलेस्टिनी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिली. स्कॉटलंडने तर २०१२ मध्ये फुटबॉलमधल्या 'आक्षेपार्ह वर्तना'विरुद्ध खास कायदाच केला होता. कॅथलिक-प्रोटेस्टंट द्वेषाची गाणी थांबवायची म्हणून तो आला. हेतू चांगला. पण समंजस माणसाला जे आक्षेपार्ह वाटेल ते, अशी मोघम व्याख्या त्यात घुसली, आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्याची राजकीय गाणी म्हणणारी तरुण पोरं पोलिसांच्या वहीत चढू लागली. २०१८ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला.

तो 'समंजस माणूस' कोण, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. आपल्या देशात तो माणूस बहुधा जयंतीच्या डीजेने वैतागलेला असतो आणि गणपतीच्या ढोल-ताशाने भारावलेला. १९ जानेवारी २०२० च्या कोलकाता डर्बीत ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी नागरिकत्वाच्या कागदांविरुद्ध भलामोठा फलक उलगडला, ही जमीन आम्ही रक्ताने मिळवली आहे अशा अर्थाचा. फाळणीत उखडलेल्यांचा हा क्लब. 'निर्वासित' म्हणून हिणवणं पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या लोकांनी त्याच स्टेडियममध्ये उत्तर दिलं. उद्या सभ्यतेच्या नावाखाली असे फलकही उतरवले जाणार असतील, तर त्या सभ्यतेच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही. मैदानाच्या पायऱ्या ही गरिबाला मोठ्याने बोलता येणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक आहे. पंचाला आंधळा म्हणा. मालकाला चोर म्हणा. करोडोंचा खेळाडू चेंडू आकाशात मारतो तेव्हा हसा, पोटभर हसा.

पण मग आमच्या मापाला अवघड जाणारी प्रकरणंही घेऊ, नाहीतर ते सोयीचं माप ठरेल.

लिव्हरपूलविरुद्ध खेळताना समोरच्या संघाचे काही प्रेक्षक हिल्सबरोच्या मृतांची टिंगल करणाऱ्या घोषणा देतात, तशाच मँचेस्टर युनायटेडला १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातावरून देतात. यात जात नाही, वंश नाही. मग चालेल? हिल्सबरो काय आहे ते आधी नीट समजून घ्या. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड. पोलिसांनी बाहेरची गर्दी हटवायला फाटक उघडलं, लोक आधीच भरलेल्या कुंपणबंद भागात लोटले गेले, चेंगरून आणि त्या जखमांनी ९७ माणसं मेली. पोलिसांनी सांगितलं, दारू प्यालेल्या, बिनतिकिटाच्या प्रेक्षकांनी फाटक तोडलं. 'द सन' या वृत्तपत्राने चार दिवसांत पहिल्या पानावर मृतांच्या सोबत्यांनाच लुटारू ठरवलं. खरं काय ते सांगायला घरच्यांना २७ वर्षं लढावं लागलं. एप्रिल २०१६ मध्ये ज्युरीने निर्णय दिला, की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता.

हे वाचताना घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर डोळ्यांपुढे आलं नसेल तर विशेष. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, निषेधाला रस्त्यावर आलेली वस्ती, राज्य राखीव पोलिसांचा गोळीबार, दहा मृत्यू. आणि लगेच पुढे केलेली ती टँकरची गोष्ट: जमाव म्हणे गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता. गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असं सांगितलं, पण टँकर अजून काहींच्या तोंडून गेलेला नाही. आता कल्पना करा, वस्तीतल्या पोरांचा संघ मैदानात उतरला आहे आणि समोरून हजार लोक टाळ्यांच्या तालावर 'टँकर, टँकर' ओरडत आहेत. शिवीचा एक शब्द नाही त्यात. सेन्सॉर काहीही कापणार नाही. तरी ती आपल्याला कुठे लागेल?

म्हणून हिल्सबरोची टिंगल आम्ही मोनोच्याच रांगेत बसवतो. ती समोरच्या संघाच्या खेळाला लागत नाही. सत्तेने ज्यांना मारलं आणि वर बदनाम केलं, त्यांच्यावर सत्तेचंच खोटं ती पुन्हा गाऊन मारते. जून २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये एका माणसाला ९७ या आकड्याची थट्टा करणारी जर्सी घातल्याबद्दल चार वर्षांची मैदानबंदी झाली. आम्हाला ती जास्त वाटत नाही.

दुसरं अवघड प्रकरण टॉटनहॅमचं. उत्तर लंडनच्या या क्लबला ज्यू प्रेक्षकांचा क्लब म्हणून विरोधक 'यिड' म्हणून हिणवायचे, गॅस चेंबरचा फुस्स आवाज काढायचे. टॉटनहॅमच्या लोकांनी तोच शब्द उचलून स्वतःचं नाव केलं. २०१३ मध्ये पोलिसांनी टॉटनहॅमच्याच तीन प्रेक्षकांना तो म्हटल्याबद्दल पकडलं, पुढच्या वर्षी खटला सोडून द्यावा लागला. हे आपल्याला परकं नाही. पंजाबात गिन्नी माही ज्या जातिनामाने हिणवलं गेलं तेच नाव ताठ मानेने गाते. 'दलित' हा शब्द आपण झेंड्यासारखा उचलला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती प्रसारण खात्याने वाहिन्यांना सल्ला दिला की तो वापरू नका. शब्द गेला की अत्याचार जातो, अशी समजूत सरकारची असावी. पण टॉटनहॅमच्या बाबतीत एक अडचण आहे. तो शब्द गर्जणाऱ्यांतले बहुतेक जण स्वतः ज्यू नाहीत. जखम एकाची आणि बिल्ला दुसऱ्याच्या छातीवर. २०२२ मध्ये क्लबनेच आपल्या प्रेक्षकांना हा शब्द आता सोडून द्या असं सांगितलं, ते आम्हाला पटतं. शिवी उलटवून घ्यायचा हक्क ज्याला ती बसली त्याचा. सोबत्याने टाळी द्यावी, माईक घेऊ नये.

आणि तिसरं प्रकरण घरातलं. आई-बहिणीवरून दिलेली शिवी आमच्या मापात कुठे बसते? पंचाने चूक केली, शिवी त्याच्या आईला. त्या बाईने कोणता ऑफसाइड दिला होता? ही शिवी माणसाने केलेल्या गोष्टीवर मारलेली नाही. ती एका स्त्रीच्या देहावर मारलेली आहे आणि ती स्त्री मैदानात नाही. खेळाडूला बायल्या, छक्का म्हणून हिणवणं त्याच जातीचं. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी जातीवरची शिवी ॲट्रॉसिटी आणि आईवरची शिवी गंमत, असं खातं वेगळं ठेवू नये. आपल्या मोर्चातल्या, आपल्या समाजमाध्यमांवरच्या घोषणांनाही हेच माप लावा. विरोधकाचं राजकारण फाडा, त्याची फसवणूक चव्हाट्यावर आणा, त्याला तोंतो म्हणा. त्याच्या घरातल्या बाईला सोडा.

मग करायचं काय?

युएफाची तीन पायऱ्यांची पद्धत २००९ पासून आहे: आधी ध्वनिक्षेपकावरून इशारा, मग सामना थोडा वेळ थांबवणं, तरीही चालू राहिलं तर सामना रद्द. तिसरी पायरी पंच जवळजवळ कधीच चढत नाहीत, कारण तिथे प्रक्षेपणाचा पैसा बसलेला असतो. फिफाने मे २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात मनगटं एकमेकांवर ठेवण्याची खूण दिली, खेळाडूने ती केली की पंचाने ही पद्धत सुरू करायची. ठीक आहे. पण खरा धक्का खेळाडूंनीच दिला आहे. जानेवारी २०१३ मध्ये इटलीत एका मैत्रीपूर्ण सामन्यात केविन-प्रिन्स बोआटेंगने चेंडू उचलून प्रेक्षकांत मारला आणि तो चालू लागला. त्याच्या मागे मिलानचा अख्खा संघ गेला, गोरे खेळाडूही. जानेवारी २०२४ मध्ये उदिनेमध्ये मिलानचा गोलरक्षक माइक मेन्यान असाच बाहेर पडला, सोबत संघ गेला, आणि उदिनेसे क्लबला पुढचा सामना रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा झाली. व्हॅलेन्सियाला मूळ शिक्षा पाच सामने एक स्टँड बंद आणि ४५ हजार युरो दंड अशी होती, अपिलात ती तीन सामने आणि २७ हजारांवर आली. असा दंड मोठे क्लब चिल्लर म्हणून टाकतात. गुण कापा, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवा, मग शेजारच्या खुर्चीवरचा माणूसच शिवी देणाऱ्याचं तोंड धरेल.

आपल्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. फिफाच्या घटनेतलं भेदभावबंदीचं कलम वंश, रंग, लिंग, धर्म यांच्याबरोबर सामाजिक मूळ आणि 'जन्म' हेही शब्द घेतं. जातीचं नाव घेत नाही. २००१ मध्ये डर्बनच्या वर्णद्वेषविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून भारत सरकारने कसा जोर लावला ते आपल्या चळवळीला ठाऊक आहे. तरी 'जन्म' हा शब्द तिथे आहे आणि तो आपला आहे. आपल्या देशातल्या, राज्यातल्या, जिल्ह्यातल्या फुटबॉल संघटनांच्या नियमावलीत जिथे जिथे नसेल तिथे 'जात' हा शब्द नावानिशी लिहून घ्या, निवेदनं द्या, मागे लागा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे संघ भिडतात तेव्हा हजारोंची गर्दी असते, हाणामाऱ्या होतात, पोलीस बंदोबस्त लागतो. बंदोबस्ताच्या बैठकीत फटाके आणि दगडांबरोबर घोषणांचाही विषय निघाला पाहिजे. ज्या संस्थानात १९०२ मध्ये शाहू महाराजांनी राखीव जागांचा हुकूम काढला, तिथल्या मैदानावर हा नियम आधी लागावा, यापेक्षा योग्य काय?

संघटना वेळ लावतील. पण जयंतीनिमित्त वस्त्यावस्त्यांत भरणाऱ्या स्पर्धा तर आपल्याच हातात आहेत. क्रिकेट, कबड्डी, कोल्हापूर-नागपूरकडे फुटबॉलही. प्रवेश फी, बक्षिसाची रक्कम, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे सगळं पत्रकावर छापतोच आपण. त्याखाली आणखी एक ओळ छापा: जात, धर्म, रंग, प्रांत किंवा आई-बहीण यांवरून घोषणा आली तर सामना तिथेच थांबेल आणि ज्या संघाच्या बाजूने ती आली त्याचे गुण जातील. आणि पहिल्याच दिवशी ती वेळ आपल्या मंडळाच्या संघावर आली तरी गुण कापा.